स्टेशन नसलेला स्टेशन चौक



सांगलीत कधी येणे झाले तर रिक्षावाल्याला नुसते ‘स्टेशन चौक’ म्हणून पाहा. तो काही न विचारता रिक्षा वळवील आणि शहराच्या मध्यावर एका गजबजलेल्या चौकात तुम्हाला आणून सोडील. सभा, मोर्चे, निवडणुकीची भाषणे यांची ही नेहमीची जागा. उतरल्यावर तुम्ही इकडेतिकडे पाहाल. फलाट दिसणार नाही, रूळ दिसणार नाहीत, सिग्नलचा खांबही दिसणार नाही. गाडी गाठायची असेल तर तुम्ही चुकीच्या जागी आलात. सांगलीचे आजचे स्टेशन दुसरीकडे आहे. इथे जे होते ते पन्नास वर्षांपूर्वीच बंद झाले.

तरी चौकाचे नाव स्टेशन चौकच. ज्यांनी तिथे इंजिनाचा धूर कधी पाहिला नाही अशी मुलेही ते नाव बिनदिक्कत घेतात.

वेदांतात प्रत्येक वस्तूचे पाच अंश सांगतात: अस्ति, भाति, प्रिय, नाम आणि रूप. पहिले तीन ब्रह्माचे, शेवटचे दोन जगाचे. वेदांती म्हणेल, नाम आणि रूप दोन्ही नाशिवंत. वारकरी मात्र नामाला असे सोडून देत नाही. रूप डोळ्यांआड झाले तरी नामाला धरून मूळ वस्तूपाशी जाता येते, ही आपली रीत. आज मी तुम्हाला त्याच रीतीने त्या बंद स्टेशनपाशी नेणार आहे. त्यात माझ्या एका चुकीचीही गोष्ट येईल. ती कीर्तनात सांगायची राहून गेली, म्हणून इथे लिहितो.

आधी इतिहास पाहू. आपल्या भागात आगगाडी आली ती दुष्काळाच्या पाठोपाठ. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनेत फार मोठा दुष्काळ पडला. माणसे अन्नावाचून गेली, आणि धान्य एका मुलखातून दुसऱ्या मुलखात वेळेवर पोचवायला साधन नव्हते. बैलगाडीने न्यायचे तर वाटेत बैलांनाच चारा नाही. त्यानंतर दुष्काळी मुलखातून लोहमार्ग काढावेत असा विचार सरकारात पुढे आला आणि १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी उभी राहिली. पुण्याहून नीरा, लोणंद, कोरेगाव, कऱ्हाड करीत मिरजेकडे आणि तिथून बेळगावकडे जाणारा मीटरगेजचा रस्ता त्या दशकाच्या उत्तरार्धात तयार झाला. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला फाटा गेला.

त्या काळचे इंजिनियर चढ-उतार आणि नद्या पाहून मार्ग आखीत. वाटेतले गाव मोठे की लहान हे दुय्यम होते. साताऱ्याचेच पाहा. राजधानीचे शहर, पण गाडी शहरात शिरली नाही. आजही सातारकराला गाडी धरायला गावाबाहेर काही मैल जावे लागते. सांगलीचे तसेच झाले. मुख्य मार्ग बाजूने निघून मिरजेला गेला. सांगली म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी, हळदीची आणि गुळाची पेठ. शेजारी हरिपूरला जमिनीत खणलेली हळदीची पेवे. एवढा माल आणि गावाला गाडी नाही.

तेव्हा १९०७ साली सांगली संस्थानाच्या मालकीचा, मिरज ते सांगली असा जेमतेम पाच मैलांचा फाटा झाला. गाडी चालवायची कंपनीने, मार्ग संस्थानाचा. फाटा सांगलीत येऊन संपत असे. इथे आलेली गाडी पुढे कुठेच जात नव्हती, आली त्याच वाटेने मिरजेला परत फिरे. गावात, लोकांच्या पायांच्या टप्प्यात असलेले हे शेवटचे स्टेशन. आपला स्टेशन चौक त्याचाच.

आता दुसऱ्या गाडीकडे वळू, कारण पहिलीचे खरे मोल दुसरीमुळे कळते. बार्शीकडे एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने अडीच फूट रुंदीचा छोटा लोहमार्ग टाकला. कुर्डुवाडी ते बार्शी ही गाडी १८९७ साली सुरू झाली. रूळ हलके, डबे हलके, खर्च थोडा; आणि तरी ओझे भरपूर वाहायचे, ही त्याची युक्ती. हिलाच आपण बार्शी लाईट म्हणतो. १९०६ साली ती पंढरपूरला पोचली, १९११ साली लातूरला गेली आणि १९२७ साली पंढरपूरहून सांगोला, ढालगाव, कवठे महांकाळ, सलगरे, आरग अशी माणदेशाच्या कडेने मिरजेला येऊन भिडली. मिरज ते पंढरपूर सुमारे १३७ किलोमीटर. सांगलीचा माणूस आता घराजवळच्या स्टेशनात बसे, मिरजेला गाडी बदली आणि विठोबाच्या गावात उतरे.

माझी आजी १८९५ च्या सुमाराची. तिचा उजवा पाय लहानपणीच्या आजाराने वाकडा झाला होता. ती सांगे, “गाडी नव्हती तवा मला पंढरी ठाऊक हुती ती दुसऱ्याच्या तोंडानं.” दिंडी दारावरून निघे, ती उंबऱ्यात बसून बुक्का लावून घेई आणि घरात परते. बैलगाडीत जागा मिळाली तर जाई, पण ती जागा म्हाताऱ्या सासूची. १९२७ नंतर मात्र तिची कार्तिकी चुकली नाही.

मी तिच्याबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. गावभागातून पहाटे निघायचे. वडील पुढे, त्यांच्या खांद्यावर पडशी, मागे आजी माझ्या डोक्यावर हात ठेवून चालायची. मला वाटे ती मला सांभाळते आहे. ती माझा आधार घेत होती हे पुढे कळले. तिकीटखिडकीपाशी माळकऱ्यांची रांग, फलाटावर पथारी टाकून भजनाला बसलेली मंडळी, घंटा झाली की उडणारी धांदल. मिरजेला उतरून बार्शी लाईटचा डबा गाठायचा. तिथे माणसांवर माणसे. वारीच्या दिवसांत माल वाहायचे डबेसुद्धा माणसांनी भरत. कोणी दारात पाय सोडून बसे, कोणी टाळ वाजवायला कोपर हलवण्यापुरती जागा मागे. गाडीची चाल अशी, की वाटेत थांबली तर पुरुष उतरून हातपाय मोकळे करीत आणि ती हलली की धावत येऊन चढत. दुपार कलताना लांबून कळस दिसला की सगळा डबा एकदम उभा राही. आजीला उभे राहता येत नसे. ती बसल्या जागी हात जोडी आणि मला विचारी, “दिसला का रं?” मी “दिसला” म्हटले की तिचे दर्शन झाले.

या गाडीचे सारेच गोड होते असे मी सांगणार नाही. गर्दीबरोबर रोगही येत. पूर्वीच्या काळी पटकीची साथ आली की सरकार पंढरपूरची तिकिटे देणे थांबवी. तिसऱ्या वर्गातल्या यात्रेकरूंचे हाल तर साऱ्या देशातच होत. गरिबाच्या गाडीकडे फार लक्ष द्यावे असे कोणत्याच काळात कोणाला वाटले नाही. बार्शी लाईट १९५४ साली सरकारने कंपनीकडून घेतली, पण आमच्याकडे म्हातारी माणसे पुढेही तिला कंपनीचीच गाडी म्हणत.

मग सांगलीचे स्टेशन बंद का झाले? माउली, हे नीट ऐका. ते तोट्यात गेले म्हणून किंवा गाव ओस पडले म्हणून बंद झाले नाही. १९७०-७१ च्या सुमारास पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला. रुंद रूळ टाकताना मार्ग नव्याने आखला आणि मुख्य रस्ताच सांगलीला आणला. जे सांगलीला ऐंशी वर्षे मिळाले नव्हते ते मिळाले. मुंबईची गाडी सांगलीच्या नव्या स्टेशनात उभी राहू लागली. मग मिरजेपर्यंत जाऊन परत येणाऱ्या त्या पाच मैलांच्या फाट्याचे काम काय? तो गेला, आणि त्याच्याबरोबर गावातले स्टेशनही गेले. गाव वाढले म्हणून गावातले स्टेशन मिटले.

याच भागाने नावारूपाची अशी उलटापालट आणखीही पाहिली आहे. माझा जन्म झाला तेव्हा हा मुलूख दक्षिण सातारा जिल्हा होता, १९४९ साली तो केला होता. १९६० साली त्याचे नाव सांगली जिल्हा झाले. आम्ही घर सोडले नाही, तरी साताऱ्याचे होतो ते सांगलीचे झालो. पलीकडे कुंडल रोड नावाचे आडरानातले स्टेशन होते. १९१० साली तिथे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर कारखाना आणि वसाहत उभारली, आणि पुढे स्टेशनचेच नाव किर्लोस्करवाडी झाले. तिथे रूप राहिले, नाव बदलले. सांगलीत रूप गेले, नाव राहिले.

नवे स्टेशन चांगले होते, मोठे होते. पण आमच्या घरापासून लांब पडले. आजी तोवर पंचाहत्तरीला आलेली. एक-दोन वर्षे तिला तिथपर्यंत नेले. पुढे कार्तिकी आली की ती म्हणे, “तुमी जावा. माझं स्टेशन लांब गेलं.” दोष सगळा स्टेशनचा होता असे नाही. वयही झाले होते. पण ती “मी थकले” असे कधी म्हणाली नाही. ती स्टेशनचेच नाव घेई.

आता माझी चूक सांगतो.

मी कीर्तनाला उभा राहू लागलो तेव्हा तरुण होतो, पायांत जोर होता आणि जिभेत त्याहून जास्त. ढालगावच्या बाजूला एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. ही १९८५ च्या आसपासची गोष्ट. बार्शी लाईट तेव्हा चालू होती. पायी वारीचा महिमा सांगता सांगता मी घसरलो. डब्यात बसून, दाणे खात, खिडकीतून पंढरी बघायला जाणाऱ्यांची वारी ती कसली वारी, असे काहीसे बोललो. नक्कल करून दाखवली. मंडप हसला. मला ते हसणे गोड लागले.

कीर्तन संपल्यावर एक म्हातारी पाया पडायला आली. मी मागे सरलो, म्हटले, “माउली, तुम्ही मोठ्या.” ती तशीच वाकून राहिली आणि म्हणाली, “म्हाराज, तुमास्नी पाय हैत, तुमी चाला. माझं पाय म्हंजी ती गाडी हाय.” एवढे बोलून ती काठी टेकीत निघून गेली. आवाजात राग नव्हता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. जिच्या हाताला धरून मी पंढरी पाहिली ती माझी आजी आयुष्यभर डब्यात बसूनच गेली होती. मी मंडपात नक्कल केली ती तिची केली. इतकी वर्षे शास्त्र शिकलो, पाठांतर केले, आणि घरची म्हातारी विसरलो.

तेव्हापासून मी लोहमार्गाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. आगगाडी आली तेव्हा कोणालाही वाटले असते की आता पायी वारी मोडणार. एका दिवसात जाता येत असता पंधरा-वीस दिवस उन्हापावसात कोण चालेल? पण तसे झाले नाही. सातारा जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी १८३२ च्या सुमारास माउलींच्या पालखीला जी घडी घालून दिली, ती आजही तशीच चालते. पालखी नीरा ओलांडून साताऱ्याच्या हद्दीत शिरते आणि लोणंदला मुक्काम करते. लोणंदला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ स्टेशन आहे. पालखीतला वारकरी तिथे राहतो, गाडीची शिट्टी ऐकतो आणि सकाळी उठून तरडगावकडे चालू लागतो. मिरजेच्या दक्षिणेला कृष्णाकाठी अंकली आहे. तिथल्या शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी पायीच आळंदीला जातात. पायवाट रुळांनी मोडली नाही. मोडले ते रूळच. सांगलीचा फाटा गेला, पुढे २०१० च्या सुमारास मिरज-पंढरपूरची अडीच फुटी वाटही उखडली गेली आणि तिच्या जागी ब्रॉडगेज आले. एके काळी मिरजेत तिन्ही रुंदीचे रूळ एका ठिकाणी पाहायला मिळत. आता एकाच रुंदीचे आहेत.

हे सांगताना पूर्वी मला अभिमान वाटे, की पाहा, पाय जिंकले. त्या म्हातारीच्या बोलण्यानंतर तो अभिमान गेला. पायांची वारी कधीच धोक्यात नव्हती, कारण ज्याला पाय आहेत त्याला वाट आहे. मार्ग बदलला, स्टेशन सरकले, गाडीची वेळ फिरली की अडते ते ज्याला पाय नाहीत त्याचे. पांगळा, आंधळा, दम्याचा रोगी, सत्तरीची विधवा, कडेवर दोन मुले असलेली सून. त्यांची नावे कोणत्याही दिंडीच्या यादीत नव्हती. त्यांना क्रमांक नव्हता, विणेकरी नव्हता, रिंगण नव्हते. एक डबा होता आणि त्यात बसायला गावात एक स्टेशन होते. म्हणून बंद पडलेल्या स्टेशनचा इतिहास लिहायचा तर तो रुळांच्या रुंदीवर संपत नाही. तिथून चढणारे पुढे कसे गेले, की गेलेच नाहीत, हेही विचारावे लागते.

आणि गाडी मुळात कशासाठी आली होती, याचीही आठवण आपल्याला एकदा आपोआप झाली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरचे पाणी आटले. तेव्हा राजस्थानातल्या कोट्याहून स्वच्छ करून आणलेल्या टाक्यांच्या वाघिणी मिरजेत उभ्या राहिल्या. त्यांत कृष्णेचे पाणी भरले आणि ११ एप्रिलला दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन निघाली. दुसऱ्या दिवशी ती लातूरला पोचली. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्याही धावल्या. लोकांनी तिला जलदूत म्हटले. ती गेली कोणत्या वाटेने? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. म्हणजे जुन्या बार्शी लाईटचीच वाट, फक्त रूळ रुंद. दुष्काळात माणसे मेली म्हणून या मुलखात रूळ आले, आणि सव्वाशे वर्षांनी त्याच मुलखातल्या रुळांवरून तहानलेल्या गावाला पाणी गेले. कृष्णामाई पंढरपुरावरून लातूरला गेली. ते वाचले त्या दिवशी मला आजीची फार आठवण झाली. डब्यात बसून जाणाऱ्याची वारी खरी की नाही, हे त्या पाण्याला कोणी विचारले नाही.

तेव्हा वाचक माउली, स्टेशन चौकातून जाल तेव्हा क्षणभर थांबा. तुमच्या गावीही असे एखादे नाव असेल: जिथे नाका नाही असा नाका, जिथे वेस नाही अशी वेस, जिथे टांगा दिसत नाही असा टांगा स्टँड. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्या नावाचा अर्थ विचारा. ते सांगतील तो इतिहास कोणत्याही दप्तरात मिळायचा नाही, आणि सांगणारे फार दिवस थांबणारही नाहीत.

दुसरे मागणे दिंडीवाल्यांकडे आहे. सामानाच्या ट्रकबरोबर एक गाडी अशीही ठेवा, की ज्यात चालता न येणारी चार माणसे बसतील. त्यांची नावे यादीत लिहा, मुक्कामी त्यांना भजनात पुढे बसवा. आमच्या दिंडीत आम्ही गेली काही वर्षे हे करतो आहोत. पहिल्या वर्षी एक बाई गाडीत चढताना संकोचून म्हणाली, “महाराज, ही वारी धरतात ना?” मी तिची पिशवी वर ठेवली आणि यादीत तिचे नाव स्वतःच्या हाताने लिहिले. क्रमांक पहिला.

रामकृष्ण हरी.